जोडा

संध्याकाळी या, असं मी सगळ्यांनाच सांगते.
सकाळचं पाऊल खोटं बोलतं.
रात्रभर पसरून झोपलेलं असतं,
स्वतःला अर्धा नंबर लहान समजतं.
दिवसभर माणसाला वाहून
सातच्या सुमाराला ते जरा सुजतं,
मग त्याच्याशी बोलण्यात अर्थ असतो.

एरिबेर्तो एचेवेरी पावणेसातला आले,
काखेत गरम पाण्याचा थर्मास,
हातात येर्बाच्या कडू चहाचा तुंबा.
मॉन्टेविडिओत माणूस दवाखान्यातही असाच जातो.
त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी
औषधाच्या दुकानात ठेवावी तशी काउंटरवर ठेवली:
‘कार्डिओ. रोज तीस मिनिटं. आठवड्यातून पाच दिवस.’
‘हे आहे तुमच्याकडे?’

चौतीस वर्षं बस चालवलेली.
उजव्या पायानं अख्खं शहर थांबवलं
आणि पुन्हा सोडलं, म्हणाले,
पण चालायची वेळ कधी आली नाही.

मी त्यांचे काळे ड्युटीचे बूट उलटे केले.
टाच बाहेरच्या अंगानं झिजलेली,
उजवा तळ पुढून गुळगुळीत, ब्रेकची जागा.
मोजपट्टीवर डावं पाऊल अर्धा नंबर मोठं निघालं.
ते दचकले, जणू आणखी एक रिपोर्ट आला.
सगळ्यांचंच असतं असं, मी म्हटलं.
नुसता म्हणायचा जोडा.
मोठ्याच्या मापानं घ्यायचा,
लहान्याला नाडीनं सांभाळायचं.

तेव्हा त्यांनी पिशवीतून दुसरे बूट काढले.
नारिंगी. सदतीस नंबर. बायकी.
‘नेलिदाचे. ती रोज नदीकाठी जायची,
मी तेव्हा शिफ्टवर.
मला यातलं काही कळत नाही.
असेच द्या, पण त्रेचाळीसमध्ये.’

मी बूट हातात घेतला.
वरून तिसरं भोक सोडून नाडी ओवलेली.
पायाची कमान उंच असेल, वर दाब येत असेल,
तर मी तशी ओवून देते.
या भागात दुसरं कोणी देत नाही.
चेहरा काही केल्या आठवेना.
कमान आठवली.
आणि मोज्याला पडलेलं भोक,
ते झाकायला तिनं वाकवून घेतलेली बोटं.

हे मी त्यांना सांगितलं नाही.
म्हटलं, हे आता निघत नाहीत. शिवाय,
तुमचं पाऊल सपाट, पसरट. तिचं वेगळं.
दुसऱ्याच्या आवडीचा बूट
पहिल्या किलोमीटरलाच चावतो.

ते ऐकेनात. नारिंगी रंगातला एक घालून पाहिला,
‘मस्त आहे’ म्हणाले, कपाळाला आठ्या.
मी अंगठ्यानं पुढे चाचपलं.
बोटं भिंतीला टेकलेली.
पुढे अंगठ्याएवढी जागा रिकामी हवी, मी म्हटलं,
ती जागा कोणाची नसते, पण लागते.
ते गप्प झाले. मीही.
कधी कधी बोलून जातं माणूस.

चौथा जोडा राखाडी, रुंद, मऊ, दिसायला सामान्य.
म्हटलं, बाहेर पळून बघा, त्या झाडापर्यंत.
‘रस्त्यावर?’
गालिच्यावर सगळेच बूट चांगले असतात.
ते पळाले. थर्मास काखेतच.
एक हात हलतोय, दुसरा दाबून धरलेला,
फळं विकणारा पोरगा शिट्टी मारून हसला.
परत आले ते धापा टाकत, लालबुंद,
आणि पायांकडे बघायचं विसरलेले.
तेव्हाच मी खोका बंद केला.
पायांची आठवण होत नाही, तोच बूट आपला.

काळे बूट त्यांनी माझ्याकडेच टाकले.
नारिंगी पुन्हा पिशवीत.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, वारा दक्षिणेचा,
नदी चहात दूध पडल्यासारखी.
काठाच्या रस्त्यानं ते येताना दिसले,
पळणं म्हणावं की चालणं, यांच्या मधलं काहीतरी.
प्रत्येक बसथांब्यापाशी वेग आपोआप कमी होत होता,
कोणी चढणारं नाही असं बघून
पुन्हा सुटत होते.

मी कठड्यावर बसलेली. त्यांनी ओळखलं नाही.
माझी नजर सवयीनं खाली गेली.
राखाडी बूट, टाच नीट बसलेली,
आणि नाडी
वरून तिसरं भोक सोडून ओवलेली.

त्यांच्या सपाट पावलाला तिची काही गरज नव्हती.
मी तशी ओवून दिली नव्हती.
पण रविवारी दुकान बंद असतं.